शांततेचा दर

शेजाऱ्यांची भांडणं कोर्टात साचू नयेत म्हणून सरकारनं एक कायदा करायचं ठरवलं, आणि त्या कायद्यामागचं अर्थशास्त्र मांडायचं काम माझ्याकडे आलं. मी कायदे सुधारणा समितीत अर्थतज्ज्ञ आहे. समितीत बाकी सगळे वकील आणि मी एकटाच आकडेमोड करणारा, त्यामुळे माझं नाव मागे पडून 'हिशेब' एवढंच उरलं आहे. "हिशेब, यात नुकसान किती?" असंही विचारतात आणि "हिशेब, पंखा जरा वाढव," असंही म्हणतात.

माझं म्हणणं थोडक्यात असं होतं. कुत्र्याचं भुंकणं, यंत्राची धडधड, भिंतीतून झिरपणारं पाणी, असल्या तक्रारीत न्यायाधीशानं दोषी शोधत बसू नये. हक्क कुणाचा एवढं एकदा ठरवून द्यावं आणि बाजूला व्हावं. हक्क आवाज करणाऱ्याचा असेल तर ज्याला शांतता हवी तो ती विकत घेईल, आणि उलट असेल तर ज्याला आवाज करायचा आहे तो परवानगी विकत घेईल. बोलणी करायला फार खर्च येत नसेल, तर दोघं मिळून सर्वांत कमी नुकसानीचा तोडगा आपोआप गाठतात. हा विचार माझा नाही, फार पूर्वी मोठ्या माणसांनी मांडलेला आहे. मी त्यावर अहवालाच्या मसुद्यात फक्त चाळीस पानांचं एक प्रकरण लिहिलं.

समितीच्या अध्यक्षा निवृत्त न्यायाधीश आहेत. त्या पेन्सिल घेऊन वाचतात. माझ्या प्रकरणाच्या समासात त्यांनी एकच प्रश्न लिहिला होता : "हे शेजारी कुठे राहतात?"

"बाई, हे सैद्धांतिक शेजारी आहेत," मी म्हणालो.

"मी जन्मभर खरे बघितले. जिन्यावरून, पाण्यावरून, चपलांच्या रॅकवरून भांडणारे. एकमेकांना रोख पैसे मोजून हसत घरी गेलेले मला आठवत नाहीत." त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "एक खरं उदाहरण आणा. एकच. सोमवारी मसुदा छापायला जातोय, त्याआधी. नाहीतर हे प्रकरण गाळू."

खरं उदाहरण माझ्या डोक्यावरच होतं. अक्षरशः.

माझी बायको नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागात नर्स आहे, कायम रात्रपाळीला. सकाळी येते, आंघोळ करते, झोपते. आमच्या वरच्या, शेवटच्या मजल्यावर एक पडदेवाले राहतात. पुढच्या खोलीत त्यांचं शिवणकाम चालतं. महिन्यापूर्वी त्यांना एका नाट्यगृहाच्या पडद्यांचं काम मिळालं आणि त्यांनी जाड कापड शिवणारं मोठं मोटरचं मशीन आणून जमिनीला बोल्टनं घट्ट बसवलं. ते दुपारच्या सुमाराला सुरू होई. आमच्या झोपायच्या खोलीचं छत म्हणजे त्यांच्या पुढच्या खोलीची जमीन. दुपारनंतर बायकोला डोळ्याला डोळा लागेना. हे मला तिच्या बोलण्यातूनच कळायचं, कारण त्या वेळी मी ऑफिसात असतो.

न्यायाधीशबाईंनी उदाहरण मागितलं त्याच संध्याकाळी ती ड्यूटीचे कपडे घालताना म्हणाली, "काल औषधाचे थेंब मोजताना माझा आकडा चुकला. दुसरीनं बघितलं म्हणून ठीक. मूल माझ्या तळहाताएवढं होतं."

मी तिचा डबा भरून पिशवीत ठेवला.

"रविवारपर्यंत काही झालं नाही तर मी मेट्रनला सांगणार, मला दिवसपाळी द्या."

दिवसपाळी म्हणजे बाह्यरुग्ण विभाग. सर्दी-खोकल्याच्या रांगा. अतिदक्षता विभागात जागा मिळावी म्हणून तिनं कित्येक वर्षं वाट पाहिली होती, दोन परीक्षा दिल्या होत्या. ती जागा एकदा सोडली की परत मिळत नाही.

"तू वर जाऊन नुसतं सांग ना," ती म्हणाली. "मीच गेले असते, पण आत्ता गेले तर रडेन."

"सांगून काय होणार? थांबण्यात त्यांचा फायदा काय?"

"अरे, माणूस आहे तो."

"म्हणूनच विचारतोय."

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं ती ताप उतरला की नाही हे बघते. मला मात्र आतून आनंद झाला होता, हे कबूल करायला हवं. बायकोची झोप आणि माझं प्रकरण, दोन्ही एकाच जिन्यानं सुटणार होतं.

वर जाण्याआधी आपल्या बाजूचा आकडा हाताशी हवा. म्हणून मी दाराशी तिला विचारलं, "एका तासाच्या झोपेसाठी तू जास्तीत जास्त किती द्यायला तयार आहेस?"

"विकायला काय आहे माझ्याकडे? तूच आहेस," ती चपला घालत म्हणाली. "आणि तुला कुणी घेणार नाही."

मी वर गेलो. दार उघडंच होतं. पडदेवाले गळ्यात मोजपट्टी अडकवून कापडावर खडूनं रेघ मारत होते. त्यांची बायको, आम्ही त्यांना वहिनी म्हणतो, घड्या घालत होत्या.

"या भाऊ, या," पडदेवाले उठून उभे राहिले. "खाली आवाज जातो ना फार? मी हिला म्हणतच होतो, खाली जाऊन एकदा माफी..."

"थांबा," मी हात वर केला. "माफी नको."

समोरचा माणूस माफी मागायला तोंड उघडतो आहे आणि आपण त्याला थांबवतो, हे माझ्या धंद्यातला माणूसच करू शकतो. पण त्या क्षणी मला ते अगदी रास्त वाटलं. माफी मागितली म्हणजे चूक त्यांची ठरली, म्हणजे हक्क आमचा झाला, आणि हक्क कुणाचा हे तर अजून ठरायचं होतं.

"हे बघा, तुम्हाला शिवायचा हक्क आहे," मी म्हणालो. "तिला झोपायचा आहे. प्रश्न एवढाच, की कुणाचं नुकसान जास्त."

"कुणाचं?" त्यांनी काळजीनं विचारलं.

"तेच आपण ठरवू." आणि दुपारी तीन तास मशीन बंद ठेवण्यासाठी तासाला किती देता येतील, तो आकडा मी सांगितला.

वहिनींच्या हातातली घडी अर्धी राहिली. "म्हणजे गप्प बसायचे पैसे?"

"असं म्हणता येईल."

"अगं बाई!" त्या हसायला लागल्या. "मग आमचे सकाळचेही द्या की. ताई ड्यूटीवरून येतात, इतक्या दमलेल्या दिसतात, म्हणून हे सकाळी मशीनला हात लावत नाहीत. कापायचं, इस्त्रीचं काम तेव्हा काढतात. ते इतके दिवस फुकटच गेलं म्हणायचं!"

पडदेवालेही हसले. मी हसलो नाही. बोलणी सुरू झाली, असं मी समजलो. विकणारा आपली किंमत वाढवून सांगतो, हे पहिल्या वर्गातलं ज्ञान आहे. कापड कापावं तर लागतंच, मग ते सकाळी कापलं यात आमच्यावर उपकार काय? जे होणारच होतं त्याचे पैसे द्यायचे नसतात.

"सकाळचे नाही," मी ठामपणे म्हणालो. "ती तुमच्या कामाची सोय आहे."

"सोय," वहिनी म्हणाल्या. त्यांचं हसू मावळलं. उरलेली घडी त्यांनी नीट दाबून पूर्ण केली.

"विचार करून सांगतो," पडदेवाले म्हणाले. या वेळी 'भाऊ' म्हणाले नाहीत. ते माझ्या लक्षात आलं होतं, पण त्याला कुठल्या रकान्यात टाकावं हे कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोनं उशीवर डोकं टेकलं आणि वर मशीन सुरू झालं. मी ऑफिसला निघायच्या तयारीत होतो. ती उशी काखेत घेऊन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"वर गेला होतास?"

"हो."

"काय बोललास?"

मी सांगितलं. मी वृत्तांत चांगला देतो, गाळत काही नाही. सगळं ऐकून तिनं उशी दुसऱ्या काखेत घेतली.

"म्हणजे सकाळी ते माझ्यासाठी थांबत होते."

"असं त्यांचं म्हणणं आहे."

"आणि तू त्यांना सांगितलंस, की नव्हते थांबत."

"पुरावा नव्हता गं."

तिनं छताकडे बोट केलं. "हा घे पुरावा."

आता मागे हटून चालणार नव्हतं. निदान मला तसं वाटलं. साधा माणूस वर जाऊन 'चुकलं' म्हणाला असता. मी ऑफिसात बसून दोन पानांचा करार तयार केला आणि संध्याकाळी घेऊन गेलो. पडदेवाल्यांनी मला बसायला खुर्ची दिली आणि 'साहेब' म्हणाले.

त्यांनी सकाळचा दर दुपारच्या दुप्पट सांगितला.

"दुप्पट का?"

"तुम्हीच म्हणालात ना साहेब, नुकसान कुणाचं जास्त ते बघायचं. ताईंना सकाळची झोप जास्त लागते."

मी मान्य केलं. मग शांतता म्हणजे काय, या कलमावर आम्ही अडलो. मशीन बंद हे उघड आहे, पण कात्री? माझ्या मते कात्रीचा आवाज शांततेत बसतो. त्यांच्या मते बसतो, पण कात्री हातातून पडली तर? तर त्या तासाचे पैसे कापायचे, असं मी लिहिलं होतं. "आणि मांजरानं पाडली तर?" वहिनींनी भिंतीकडे बघत विचारलं. तुमच्याकडे मांजर आहे का, असं मी विचारलं. "नाही," त्या म्हणाल्या, "पण लिहून ठेवलेलं बरं." मांजराचं कलम मी खरोखर लिहिलं. मग ते कलम असेल तर दर वाढवावा लागेल, असं पडदेवाले म्हणाले, आणि करार तिथंच फिसकटला.

जिन्यात तळमजल्यावरचे काका भेटले. नोकरीतून निवृत्त झालेले, दिवसभर जिन्यातल्या बातम्यांवर जगणारे.

"गप्प बसायचे पैसे देताय म्हणे," त्यांनी माझा दंड धरला. "माझ्याकडे ड्रिल आहे."

"पण तुम्ही ते कधी वापरलेलं नाही."

"अजून नाही," काका म्हणाले.

ही गोष्ट मी प्रकरणाच्या तळटीपेत घेतली. 'बाजारात नव्या पुरवठादारांचा प्रवेश' असं तिला नाव दिलं. तेव्हा मला ते विनोदी वाटलं नव्हतं.

त्यानंतर मशीन सकाळीही चालू, दुपारीही चालू. बायकोनं कानात बोळे घातले, पण बोळ्यांनी आवाज थांबतो, थरथर थांबत नाही. पलंगाच्या पायातून ती वर येते, असं ती म्हणाली. मी दाब, कंप आणि गादीची जाडी यांवर काही वाचायला घेतलं. ती भिंतीला टेकून बसल्या बसल्या डुलक्या घेई. शुक्रवारी तिनं भाजीत दोनदा मीठ घातलं आणि मग हातातल्या चमच्याकडे एकटक बघत राहिली. दोनदा घातलेल्या मिठाकडे ती बघत नव्हती, हे मलासुद्धा कळलं.

"रविवारी मी मेट्रनशी बोलते," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

शनिवारी आमचं ऑफिस लवकर सुटतं. घरी आलो तेव्हा वर मशीन दणदणत होतं आणि पलंग रिकामा होता. सकाळी ती यायच्या आधीच मी निघालो होतो, आणि चादर मी घातली तशीच ताठ होती. उशी नव्हती. मला वाटलं, रविवारची वाट न बघता ती मेट्रनकडे गेली. मग वाटलं, मेट्रनकडे जाताना उशी कोण नेतं? बहुतेक आईकडे गेली. फोन लावला तर तो आमच्याच स्वयंपाकघरात वाजला.

तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. माझ्या बायकोची इतक्या वर्षांची मेहनत एका नाट्यगृहाच्या पडद्यापायी जाणार, आणि मी कात्रीवर घासाघीस करत बसलोय! करार, कलम, दर, सगळं खड्ड्यात गेलं. मी जिना चढून वर गेलो आणि दार ठोकलं, नुसतं भांडायला.

वहिनींनी दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"हळू," त्या म्हणाल्या. त्यांच्या मागे मशीन गर्जत होतं.

"मी हळू?"

"झोपल्यात."

त्यांनी मला आत नेलं. पुढच्या खोलीतून मागे जाणारी बोळवजा जागा आहे. तिच्या दोन्ही बाजूंना कापडाचे गठ्ठे छतापर्यंत रचलेले. त्यातून अंग चोरून जावं लागतं. पलीकडे त्यांची झोपायची खोली. खिडकीवर जाड अस्तराचा पडदा, त्यामुळे भर दुपारी अंधार. आणि पलंगावर माझी बायको, आपल्या स्वतःच्या उशीवर, तोंड किंचित उघडं टाकून गाढ झोपलेली.

मी कान देऊन ऐकलं. मशीन दोन घरं पलीकडे चालू असावं, इतपतच आवाज येत होता. बाजूचा आवाज कापडाच्या गठ्ठ्यांत जिरत होता, वर तर मजलाच नव्हता. त्या मशीनचा सगळा दणका बोल्टमधून जमिनीत आणि जमिनीतून सरळ आमच्या पलंगावर उतरत होता. आवाजाचा हक्क कुणाचा यावर मी चाळीस पानं लिहिली होती. आवाज जातो कुठे, हे एकदाही विचारलं नव्हतं.

आम्ही पुढच्या खोलीत आलो. पडदेवाल्यांनी मशीन थांबवलं.

"सकाळी ड्यूटीवरून त्या घरात न जाता थेट वरच आल्या," वहिनी म्हणाल्या. "म्हणाल्या, माझा नवरा जे बोलला त्याचं वाईट वाटून घेऊ नका, तो मनानं वाईट नाही, त्याला तसं शिकवलंय. मग रडल्या. मग मीही रडले. हे आपले कात्री घेऊन उभे."

"मी काय करणार?" पडदेवाले म्हणाले.

"मी म्हटलं, अहो, आमची मागची खोली दिवसभर रिकामीच असते की. तर या पळत जाऊन उशी घेऊन आल्या. आता रोज इथंच झोपायचं ठरलंय."

मग मला राहवलं नाही. "आणि याचे?"

"याचे काय?"

"म्हणजे द्यायचे किती?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. पडदेवाले मोजपट्टी बोटाला गुंडाळत म्हणाले, "पैसे नकोत. एक अट आहे."

मी खिशातून पेन काढलं. खरं सांगतो, मला हायसं वाटलं. अट म्हटली की मला पायाखाली जमीन लागते.

"तुम्ही वर यायचं नाही."

"कधीपर्यंत?"

"यायचं नाही, भाऊ," ते अगदी प्रेमानं म्हणाले. "राग नाही हं. पण तुम्ही आलात की बिघडतं."

मी पेन खिशात ठेवलं आणि खाली आलो.

बायको दिवस मावळताना उतरली. गालावर पलंगपोसाच्या शिवणीचा वळ उमटला होता आणि महिन्याभरात पहिल्यांदा ती मला बघून जांभई न देता हसली. तोंड धुऊन तिनं मेट्रनला फोन केला. बाह्यरुग्ण विभागाचा विषयच काढला नाही, पुढच्या आठवड्याच्या रात्रपाळ्या तेवढ्या पक्क्या करून घेतल्या.

मी तिच्यासाठी पोळ्या गरम केल्या. तिच्या समोर बसलो. "म्हणजे बघ," मी म्हणालो, "शेवटी तुम्ही तिघांनी मिळून, कोर्टाशिवाय, सर्वांत कमी नुकसानीचा..."

"ते वाक्य पूर्ण करू नकोस," ती घास घेत म्हणाली.

तिच्यापुढे केलं नाही. रविवारी बसून अहवालात केलं. चाळीस पानांच्या शेवटी सगळा प्रसंग लिहिला, मांजराच्या कलमासकट, आणि खाली लिहिलं : 'यावरून प्रस्तुत सिद्धांत व्यवहारातही खरा ठरतो.'

सोमवारी न्यायाधीशबाईंनी तो भाग दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना त्यांचे खांदे हलत होते.

"तोडग्याचा खर्च?"

"काही नाही, बाई."

"आणि आधीचे चार दिवस?"

"तो खर्च माझा. म्हणजे, मीच तो खर्च."

त्यांनी पेन्सिल घेतली आणि माझं शेवटचं वाक्य खोडलं. मग जरा थांबून पानं मागे उलटत गेल्या, एकेका पानावर तिरकी रेघ मारत.

"उदाहरण राहू दे," त्या म्हणाल्या. "प्रकरण काढा."

मसुदा छापायला गेला आणि मला त्या दिवशी काही काम उरलं नाही. दुपारीच घरी आलो. जिन्यात काका होते, पण त्यांच्याशी बोललो नाही. घरात कुणी नव्हतं. बायको वर, जिथं मला जायला मनाई होती. मी बूट काढले आणि पलंगाच्या तिच्या बाजूला आडवा झालो. या वेळेला इथं मी कधी झोपलोच नव्हतो. वर मशीन सुरू झालं. आधी छताची पट्टी कुरकुरली, मग थरथर पलंगाच्या पायातून चढून माझ्या दातांत आली. मी कूस बदलली, पालथा झालो, चादर कानावर ओढली. थोड्या वेळानं उठून स्वयंपाकघरात जाऊन जमिनीवर बसलो. तिथंही आवाज येत होता. महिनाभर ती याच्याखाली पडून होती, आणि त्यातल्या प्रत्येक संध्याकाळी मी तिला विचारत होतो की आज साधारण किती तास झोप झाली.